जिजाबाईंच्या हातची काच

वर्धा जिल्ह्यातली निदान निम्मी म्हातारी माणसं जिजाबाईंच्या हातच्या दातांनी जेवतात. हे सांगितलं की लोक हसतात, आणि लोक हसले की माझं डोकं फिरतं. हसण्यासारखं काय आहे त्यात? तुमच्या आजोबांनी यंदा हुरडा खाल्ला असेल, तर आधी जिजाबाईंचं नाव घ्या आणि मग खुशाल हसा.

जिजाबाई श्रावण थूल. राहणार सेवाग्राम. वय सदुसष्ट, उंची माझ्या खांद्याला, आवाज मात्र असा की त्या रस्त्याच्या पलीकडून बोलल्या तरी मला दुकानात आत ऐकू येतं. वर्ध्यातल्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांनी अडतीस वर्षं पॉलिशचं काम केलं. कवळी साच्यातून निघते तेव्हा ती तोंडात घालण्यासारखी नसते. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं एक पातळ कड उभी राहते, वर सगळा खरबरीतपणा. ती कड घासून काढायची आणि मग चकाकी आणायची, हे जिजाबाईंचं काम. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं, कवळीच्या डबीवर लॅबचं. जिजाबाईंचं नाव कुठंच नसतं.

त्या लॅबमध्ये लागल्या त्या झाडझूड करायला. प्लास्टरचा पांढरा भुगा रोज दोन घमेली निघायचा, तो उचलायला बाई हवी होती. पॉलिशच्या चाकावर बंडूजी नावाचे गृहस्थ होते. ते एकदा पोरीच्या लग्नासाठी आठ दिवस गेले, आणि नेमकी त्याच आठवड्यात एका हेडमास्तरांची कवळी अडली. जिजाबाईंनी कोणाला न विचारता ती घासून, चकाकवून, धुऊन टेबलावर ठेवून दिली. बंडूजींनी परत आल्यावर ती हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे मी नाई केलं. पन मले असं जमलं असतं तं बरं झालं असतं." त्यानंतर दोन वर्षांत चाक जिजाबाईंकडे आलं आणि झाडझुडीला दुसरी बाई लागली.

त्यांची एक रीत होती. पॉलिश झालं की कवळी साबणानं धुवायची, उकळलेल्या पाण्यातून काढायची आणि जिभेचं टोक कडेवरून फिरवायचं. मग पुन्हा धुवायची. लॅबचे मालक पहिल्यांदा हे पाहून ओरडले. त्यावर जिजाबाईंचं उत्तर तयार होतं. "ज्याच्या तोंडात हे जाईन, त्याची जीभ दिवसभर तेच हुडकते. मंग माह्या जिभेनं आधी हुडकलं तं काय बिघडलं?" बोटाला जे कळत नाही ते जिभेला कळतं, हे ज्याच्या दाताचा टवका उडाला आहे त्याला सांगावं लागत नाही.

आणखी एक नियम त्या पाळायच्या. कोणाचे दात खोटे आहेत हे कधी बोलायचं नाही. एखाद्या लग्नाहून आल्या की फार तर एवढं म्हणायच्या, "आज पंगतीत माह्या हातचे सात जन जेवून राह्यले होते." कोण ते विचारलं की तोंडाला कुलूप. माझ्या सख्ख्या मामाची कवळी त्यांच्या हातची निघाली, हे मला मामानं स्वतः सांगितलं तेव्हा कळलं.

आता माझ्याबद्दल. मी धीरज. वर्ध्यात माझं रंगांचं दुकान आहे. जिजाबाई दर महिन्याला लॅबसाठी पॉलिश पेपर न्यायला यायच्या. पाण्यात भिजवून घासायचा जो काळा पेपर असतो तो. त्याच्या पाठीवर नंबर असतो, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. जिजाबाई नंबर वाचत नसत. पेपरचा कोपरा अंगठ्याच्या नखावर एकदा ओढायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "भाऊ, हा बाराशेचा नाई. हजारचा हाय."

मी पाठीवरचा नंबर त्यांच्या नाकासमोर धरला. कंपनीचा शिक्का दाखवला. आवाजही चढवला, कारण दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिक्का कागदावर हाय. मी त्याच्या खरखरीची गोष्ट करून राह्यली." शेवटी मी दुसरा गठ्ठा फोडला, त्यातला एक पेपर काढला आणि दोन्ही पेपर माझ्या नखावर ओढले. कंपनीची चूक होती. तेव्हापासून नवा माल आला की मी जिजाबाईंची वाट पाहतो, हे मी आजवर कोणत्याही एजंटला सांगितलेलं नाही.

माझा छंद म्हणजे विमानं. खोक्यात सुटे भाग येतात, ते चिकटवून, रंगवून छोटी विमानं करायची. गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात अशी बावीस विमानं आहेत. नागपूरच्या प्रदर्शनात मला दोनदा बक्षीस मिळालंय आणि तो विषय मी कोणत्याही गप्पांमध्ये आणू शकतो. जिजाबाई त्या कपाटासमोर एकदा पाच मिनिटं उभ्या होत्या. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"भाऊ, सगळ्याइच्या डोक्यावर रेघ हाय."

मला ब्रह्मांड आठवलं. कारण ते खरं होतं. वैमानिकाच्या डोक्यावर जे काचेसारखं झाकण असतं त्याला कॅनोपी म्हणतात. छोट्या विमानात ती पारदर्शक प्लास्टिकची असते, आणि फुगीर असली की साच्याची एक बारीक रेघ तिच्या मधोमध राहते. ती काढायची म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर खरकागद घालायचा आणि नंतर ते पुन्हा आरपार दिसेल इतकं चकाकवायचं. मी वीस वर्षं ते टाळत होतो. विमानं कपाटात अशी तिरकी लावली होती की उजेड रेघेवर पडू नये. परीक्षकांना दिसलं नाही, जिजाबाईंना दिसलं.

पुढे लॅबमध्ये मशीन आलं. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, मशीन कवळी कोरून देतं. जिजाबाईंना निरोपाची शाल मिळाली आणि त्या घरी बसल्या. त्यांची मुलगी नंदिनी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे, घरात काही कमी नव्हतं. तरी त्या दोन-तीन महिन्यांनी दुकानात यायच्या, उगीच एखादा पेपर नखावर ओढून पाहायच्या आणि न घेता जायच्या. एकदा म्हणाल्या, "अडतीस वर्षांत माह्या हातून एक काम खराब झालं नाई, भाऊ. एक बी नाई." मी हो म्हणालो आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. त्या हे मला कशासाठी सांगत होत्या, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर सपनाताई दुकानात आल्या. त्या आर्वीला शिक्षिका आहेत. त्यांचे वडील पुंडलिकराव तळेगावला राहतात. तरुणपणी ते पंधरा वर्षं हवाई दलात होते, विमानं उडवायला नव्हे, विमानांची देखभाल करायला. नॅट नावाचं छोटं लढाऊ विमान त्यांच्याकडे असायचं. वैमानिक आत बसला की त्याचे पट्टे आवळायचे, कॅनोपी पुसायची आणि खाली उतरायचं. मार्च महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सपनाताईंना त्या दिवशी वडिलांच्या हातात ते विमान द्यायचं होतं.

"एकच अट आहे, धीरजभाऊ," त्या म्हणाल्या. "बाबांचा एक डोळा गेलाय. दुसऱ्यानं जवळ धरलं तरच दिसतं. त्यांना आतले पट्टे दिसले पाहिजेत."

मी छाती काढून हो म्हणालो. जुन्या, बंद पडलेल्या कंपनीचा खोका मोठ्या खटपटीनं मिळवला. विमान वीतभर पंखांचं झालं, आतली खुर्ची झाली, खुर्चीवरचे चार पट्टे मी पिवळ्या कागदाचे कापून बसवले. आणि कॅनोपी हातात घेतली तर तिच्या मधोमध जाड, वाकडी रेघ. पट्टे बरोबर तिच्याखाली येत होते. खोक्यात कॅनोपी एकच होती. दुसरी मिळणार नव्हती, कारण खोकाच दुसरा मिळत नव्हता. कार्यक्रमाला सोळा दिवस राहिले होते.

मी कॅनोपी कापसात गुंडाळली आणि थेट सेवाग्रामला गेलो.

जिजाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, चष्मा लावला. कॅनोपी बोटांत फिरवली. मग ती धुतली आणि जिभेचं टोक त्या रेघेवरून हळूच फिरवलं. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपलं काम झालंच.

"हे तं कवळीसारखंच हाय वो," त्या म्हणाल्या. "गुलाबी नाई, एवढाच फरक."

त्यांनी तिथंच, ओसरीवर काम सुरू केलं. वाटीत पाणी, गुडघ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. पेपरचा नखाएवढा तुकडा कापून, त्यामागे बोट ठेवून त्या रेघ घासत होत्या. घाई नाही, जोर नाही. तासाभरात रेघ गेली. पुढच्या तासात बारीक पेपरनं आधीचे ओरखडे गेले. मी बाजूला बसून चहा पीत होतो आणि नागपूरच्या परीक्षकांना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होतो.

मग त्या आत गेल्या आणि एक तपकिरी बाटली घेऊन आल्या. कवळीचं प्लास्टिक ज्या पातळ औषधात कालवतात त्याला लॅबमध्ये नुसतं लिक्विड म्हणतात. कवळी घासून झाली की या लिक्विडचा एक हलका हात फिरवायचा, की पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होतो. अडतीस वर्षांत त्यांनी हा हात हजारो वेळा फिरवला होता. त्यांनी कापसाला लिक्विड लावलं आणि कॅनोपीवरून एकदा फिरवलं.

कॅनोपी डोळ्यांसमोर पांढरी पडली. दुधाची साय यावी तशी, आणि त्या सायीत केसासारखे बारीक तडे. कवळीचं प्लास्टिक एक आणि विमानाचं दुसरं. एकाला जे लिक्विड मानवतं ते दुसऱ्याला खातं. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण त्या लिक्विड काढतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि मी, त्यांच्या ओसरीवर, त्यांचा चहा पोटात असताना, उभा राहून ओरडलो. "कवळ्या घासणं वेगळं आणि विमानं वेगळी, जिजाबाई! तुम्ही सत्यानाश केला!"

नंदिनी ड्युटीवरून येऊन दारात उभी होती, तिनं ऐकलं. जिजाबाईंनी कॅनोपी लुगड्याच्या तुकड्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "ठेवा ते इथं. जा तुमी."

मी निघून आलो. चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. सपनाताईंचा फोन आला तो उचलला नाही. पण विमानापेक्षा मला दुसरंच खात होतं. अडतीस वर्षांत एक काम खराब झालं नाही, असं त्या माणसानं मला सांगितलं होतं, आणि त्या वाक्यावर मी स्वतःच्या हातानं शाई सांडून आलो होतो. मला लाज वाटत होती. पाचव्या दिवशी सकाळी शटर वर करतो तर पायरीवर जिजाबाई बसलेल्या.

"भाऊ, तुमच्या कपाटातल्या रेघा असलेल्या तीन काचा काढून द्या."

"कशाला?"

"हे प्लास्टिक मले माहीत नाई. माहीत करून घ्या लागते. तुमच्या कामावर शिकू का मंग?"

मी कपाट उघडलं. बक्षीस मिळालेल्या विमानासमोर माझा हात थबकला. त्या म्हणाल्या, "ते बी." मी तिन्ही विमानांच्या कॅनोप्या सुरीनं उचकटल्या आणि त्यांच्या ओंजळीत टाकल्या. माफी मागायची होती, पण त्या एवढ्या लगबगीनं बसकडे निघाल्या की शब्द तोंडातच राहिले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिली काच त्यांनी पॉलिशच्या चाकावर धरली. घरी एक जुनं चाक होतं. चाकाच्या उष्णतेनं ती मऊ होऊन ओघळली. म्हणजे चाक बाद, सगळं हातानं. दुसऱ्या काचेला मुद्दाम लिक्विड लावलं आणि रोज नखानं टोचून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती परत कडक झाली. म्हणजे लिक्विड उडून गेल्याशिवाय पेपर लावायचा नाही. तिसरी काच घासताना बोटाखाली वाकली आणि मोडली. म्हणजे आतून आधार हवा. बक्षिसाचं विमान हेच होतं, हे मी अजून मनातून काढलेलं नाही.

आठव्या दिवशी मी पुन्हा सेवाग्रामला गेलो. या वेळी दारातच म्हणालो, "जिजाबाई, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

"लिक्विड मी लावलं, तुमी नाई लावलं," त्या म्हणाल्या. "पन ओरडाले नोको होतं. नंदिनीसमोर तं नाईच नाई." मी मान खाली घातली. "बसा आता. चहा पेजा. अन् तोंड बंद ठेवजा."

त्यांनी कॅनोपीला आतून साबणाचा हात फिरवला आणि तिच्यात कवळीचं प्लास्टर ओतलं. ते वाळून दगड झालं. आता कॅनोपी पांढऱ्या दगडावर चढवलेल्या टोपीसारखी दिसत होती, कितीही दाबली तरी वाकणार नव्हती. आणि मग त्या घासायला बसल्या. आधी जरा जाड पेपर, ते तडे खोलवरून काढायला. तो उभा. मग त्याहून बारीक, तो आडवा. उभे ओरखडे पूर्ण गेले की त्याहून बारीक, पुन्हा उभा. प्रत्येक पेपर आधीच्याच्या उलट दिशेनं, म्हणजे मागचं काय राहिलं ते लगेच दिसतं. असे पाच पेपर. त्यानंतर पांढरी टूथपेस्ट आणि लुगड्याचं मऊ झालेलं सूत. हे काम सलग सहा दिवस, रोज सकाळी चार तास, उजेड ओसरीवर असेपर्यंत.

अडचण एकच होती. आत पांढरं प्लास्टर, त्यामुळे काच स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना कळायला मार्ग नव्हता. पांढऱ्यावर पांढरा डाग कसा दिसणार? मी रोज विचारायचो, "झालं का?" त्या काच धुवायच्या, जिभेचं टोक फिरवायच्या आणि मान हलवायच्या. नाही. सहाव्या दिवशी त्यांनी जीभ फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली. म्हणाल्या, "आता मले ते कुठंच सापडत नाई."

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. आता प्लास्टर काढायचं. कॅनोपीचं पोट फुगीर आणि तोंड अरुंद, त्यामुळे आतला गोळा अख्खा निघणार नव्हता. तो आतल्या आत फोडून, कण कण करून काढायचा. मी चार हात लांब सरकून बसलो. जिजाबाई मात्र इथं अगदी घरी आल्यासारख्या बसल्या. कवळी साच्यातून काढताना हेच तर करावं लागतं, हेच त्यांनी अडतीस वर्षं पाहिलं आणि केलं होतं. लहान टोकदार सुरी मधोमध रोवायची, किंचित फिरवायची, सुटलेला खडा काढायचा. कडेकडे कधीच जायचं नाही, कड शेवटी आपोआप सुटते. अर्ध्या तासानं शेवटचा कण निघाला. त्यांनी कॅनोपी साबणाच्या पाण्यात बुडवली, वर काढली, सुतानं टिपली आणि उजेडात धरली.

मला त्यांची बोटं दिसली, आणि बोटांच्या मध्ये काहीच दिसलं नाही. ओसरीपलीकडचा पेरू, त्याची पानं, पानामागचं आभाळ, सगळं सरळ दिसत होतं. मी आनंदानं असा ओरडलो की शेजारच्या शोभाबाई काय झालं म्हणून धावत आल्या.

"पाह्यलं?" जिजाबाई म्हणाल्या. "खराब नाई झालं. येळ लागला."

तळेगावला कार्यक्रम पुंडलिकरावांच्या अंगणातच होता. मंडप, शे-दीडशे माणसं, ओवाळणी झालेली, तबकात विझलेले दिवे. सपनाताईंनी जिजाबाईंनाही आग्रहानं बोलावलं होतं. पण त्या मागच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन बसल्या. सपनाताईंनी माइकवर सांगितलं, "हे विमान वर्ध्याच्या धीरजभाऊंनी बनवलं आहे." टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

पुंडलिकरावांनी विमान दोन्ही हातांत घेतलं. डाव्या डोळ्यापाशी नेलं, इतकं जवळ की पापणी कॅनोपीला लागेल. ते पाहत होते, ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत.

"चारही पट्टे आवळले हायेत," ते म्हणाले. "बराबर आवळले हायेत."

सपनाताईंनी पदर डोळ्यांना लावला. पुंडलिकराव मात्र पाहतच राहिले. त्यांनी विमान उजेडाकडे फिरवलं, मग तिरकं केलं, मग उलट बाजूनं. मी गोंधळलो. नंतर लक्षात आलं, माणूस आपल्या जुन्या कामाची तपासणी करत होता.

"काच कोनं केली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, एक क्षण माझी जीभ अडखळली. टाळ्या अजून कानात होत्या. मग मी मोठ्यानं म्हणालो, "विमान माझं, बाबा. काच जिजाबाईंची." आणि पिंपाकडे बोट दाखवलं.

जिजाबाईंना पुढं आणलं. त्या पदर सावरत उभ्या राहिल्या. पुंडलिकराव म्हणाले, "बाई, आमच्यात एक कायदा होता. इमानाचं ज्यानं जे काम केलं, त्यानं फॉर्मवर सही कराची. इंजिनवाल्यानं इंजिनची, चाकवाल्यानं चाकाची. मी काच पुसून सही करत होतो. एक सही कमी असली तं इमान जागचं हालत नव्हतं. ह्या इमानावर तुमची सही पाह्यजे."

"माही सही कायले?" जिजाबाई म्हणाल्या. "मी तं फक्त घासलं."

"मी बी फक्त पुसत होतो, बाई," पुंडलिकराव म्हणाले. "पंधरा वर्षं."

मी खिशातून विमानांवर नंबर लिहायचं बारीक पेन काढून दिलं. जिजाबाईंनी विमान उलटं धरलं, डाव्या पंखाखाली जागा निवडली, आधी तिथं अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं आणि मग लिहिलं. एकेक अक्षर दाबून, सावकाश, पूर्ण. जिजाबाई श्रावण थूल. दोन बक्षिसं घेतानाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

पुंडलिकरावांनी सही डोळ्याजवळ धरून वाचली आणि ते हसले. मनापासून, सगळे दात दाखवून. जिजाबाई पेन मला परत देता देता थांबल्या. त्यांची नजर पुंडलिकरावांच्या तोंडावर गेली, वरच्या ओळीवरून हळूहळू फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी पदराआड तोंड लपवलं. मी सात वर्षं त्यांना ओळखतो. त्या हसत होत्या.

परतीच्या रस्त्यावर, आर्वी मागे पडल्यावर, मला राहवेना. "जिजाबाई, पुंडलिकरावांचे दात..."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "समोर पाहून गाडी चालवा."